काकी आणि आमचं कोकम

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या घरी दरमहा येणारी मनिऑर्डर बंद पडली. सासरे गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप मिटायची चिन्हं दिसेनात, तेव्हा तेही बिछाना गुंडाळून गावी आले. घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, झाडं होती. तोवर त्यांची सोलं, म्हणजे वाळवलेल्या साली, घरापुरतीच व्हायची, उरलेली लेकीबाळींना. त्यानंतरच्या मे महिन्यात सासूबाईंनी साखर उसनी आणली, अमृत कोकम, म्हणजे सरबताचा गोड पाक, केलं आणि सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांना विकलं. आमच्या व्यवसायाची सुरुवात ती एवढीच. ना उद्घाटन, ना नारळ.

बाटल्या कुठून आणायच्या, हा तेव्हाचा खरा प्रश्न. कोकणातलं कोकम सरबत, मध आणि फिनेल त्या काळी एकाच प्रकारच्या बाटलीत मिळायचं, आणि त्या बाटलीत आधी काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. सासूबाई त्या राखेनं घासून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात उलट्या ठेवायच्या. पदर नाकाला लावून. दारूचा त्यांना भयंकर तिटकारा होता.

सासूबाईंना सगळे काकी म्हणायचे. दिरांची मुलं म्हणायची म्हणून माझा नवरा, त्यांचा पोटचा मुलगा, तोही काकीच म्हणायचा. मी लग्न होऊन आले आणि माझ्याही तोंडी तेच बसलं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला रातांबे फोडायला बसवलं. फळाला मधोमध चीर द्यायची, दोन वाट्या करायच्या, बिया आणि गर वेगळा काढायचा. मग बरणीत एक थर सालीचा, एक थर साखरेचा. किलोभर सालीला दोन किलो साखर, पाण्याचा थेंबही नाही. तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात. साखर सालीतला रस ओढून घेते आणि आठवडाभरात साल चामड्यासारखी चिवट होते. नखाशी कुठे कातरलेलं असलं तर असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. हाताचे डाग मृगापर्यंत जात नाहीत. काकी त्याच हातांनी मे महिन्यातल्या सगळ्या लग्नांना जायच्या, बिनदिक्कत.

बियासुद्धा त्या टाकू देत नसत. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर येणारं तेल थिजलं की मुठीत दाबून गोळे करायचे. ते मुठेल पायाच्या भेगांना लावायला अजूनही लोक मागून नेतात. त्यात पैसा फारसा सुटत नाही, पण बंद करायचा विषय काढायची माझी तेव्हा छाती नव्हती आणि आता इच्छा नाही.

परवाना घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही सरबताची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. सिरप म्हणून विकायचं तर ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, ६५ तरी लागतं. काकींना तोवर मधुमेह जडला होता, चव घ्यायची सोय नव्हती. त्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायच्या, नख तिरकं करायच्या आणि थेंब किती रेंगाळतो ते बघायच्या. मग मला विचारायच्या, "तुझो काचेचो डोळो काय म्हणता?" काचेचा डोळा बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं बोलायचा. सगळा जन्म साखरेत गेला आणि चमचाभर साखर नशिबात नाही, ह्यावर त्या स्वतःच खूप हसत.

व्यवहाराला मात्र कडक. पावसात भिजलेला रातांबा सरबताला लावायचा नाही, तो आंबतो, हा नियम. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडाखाली फळांचा सडा पडला होता आणि आगाऊ ऑर्डरींचे पैसे आमच्या खात्यात होते. नवरा म्हणाला, निवडून घेऊ. काकींनी ज्यांना आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, चालेल त्यांना आगळ द्यायला लावलं, बाकीच्यांचे पैसे परत. त्या वर्षी आम्ही तोट्यात गेलो, हे सरळ सांगते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात काकी गेल्या. दुखणं लांबलं नाही. दिवसकार्य झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली तर आत जुनी कालनिर्णयं, सुतळीनं बांधून ठेवलेली. तारखांच्या चौकटीत पेन्सिलीनं नोंदी: पहिला रातांबा कधी पिकला, किती पाट्या निघाल्या, 'पा.' म्हणजे पाऊस, साखरेचा भाव. तौक्तेच्या चौकटीत नुसती फुली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आणलेली 'कोकण अमृता'ची कलमं कधी लावली, तेही त्यातच सापडलं. बियांपासून वाढवलेली झाडं निम्मी नर निघतात आणि ती फळत नाहीत, म्हणून काकींनी कलमांचा हट्ट धरला होता. ही जात पावसाआधी तयार होते, त्यामुळे आज आमचा बराचसा माल त्याच झाडांवर उभा आहे. तोडणीच्या गड्यांना कधी सांगून ठेवायचं, हे मी आता त्या पेन्सिलीवरून ठरवते.

२०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून चौकशीचे फोन वाढलेत. लेबलवर काकींचा फोटो टाका, असं बरेच जण सुचवतात. टाकणार नाही. फोटो काढायचा म्हटलं की त्या उठून गोठ्यात जायच्या.

अमृत कोकम दिवाळीनंतर थोडं तपकिरीकडे झुकतं. तो त्याचा स्वभावच. मागच्या हंगामात पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं फोन करून लाल रंग टिकेल असं काहीतरी घाला म्हणून बराच वेळ गळ घातली. फोन स्पीकरवर होता. रातांबे फोडायला बसणाऱ्या बायकांमधली सगळ्यात थोरली, काकींबरोबर पहिल्यापासून असलेली, तिथूनच ओरडली, "रंगच घालूचो असात तर पाण्यात घाला, रातांबे कित्याक व्हये?" वाक्य काकींचं होतं, हेलसुद्धा. बायका हसून हसून बेजार झाल्या. व्यापाऱ्यानं ऑर्डर दिली नाही. तो माल पुढे कोल्हापूरला गेला, आहे त्या रंगात.