तीनशे किलोमीटरला सव्वा तास का?

विमानाची तिकिटं काढून देण्याचा माझा व्यवसाय, त्यामुळं ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना एकच प्रश्न येतो: "विमान ताशी पाचशेनं जातं, कोल्हापुराहून मुंबई सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. मग तिकिटावर तास-सव्वा तास कसा?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

उजळाईवाडीचं आपलं कोल्हापूर विमानतळ ते मुंबई विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर, रस्त्यानं पावणेचारशेच्या पुढं. पण ३१० ही दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची रेघ. विमान त्या रेघेवरून सुटत नाही. आपली धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे आणि उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं. वारा पूर्वेचा असला की विमान आधी पूर्वेला उडतं आणि मग मुंबईच्या दिशेला वळतं. एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानाचा पाचशेच्या आसपासचा वेग वर पोहोचल्यावरचा. एवढ्या छोट्या प्रवासात बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडं जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ. उजळाईवाडीत धावपट्टी गाठायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ खाते ती मुंबई. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात, आणि तासाला चाळीसवर विमानं तिच्यावरून चढतात-उतरतात. नंबर लागेपर्यंत आकाशात घिरट्या माराव्या लागतात. कंपन्या हा वेळ आधीच धरून ठेवतात. गर्दी नसली की विमान वेळेआधी पोहोचतं ते यामुळंच.

बंगळूर इथून सुमारे ५३० किलोमीटर. अंतर मुंबईच्या पावणेदोन पट, वेळ मात्र तेवढ्या पटीनं वाढत नाही, कारण चढणं, उतरणं, जमिनीवर फिरणं दोन्हीकडं लागतंच.

हे सगळं मी तळमळीनं सांगतो ते परदेशी निघालेल्या पोरांसाठी. आईवडील ३१० किलोमीटरचा हिशेब करून मुंबईत दोन विमानांमध्ये दोनच तास ठेवतात, आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढतात. मग बॅग घ्यायची, टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असले तर पुढची सोय कंपनीनं करायची असते, म्हणून आधी तेच मिळतं का बघा. नाहीतर मुंबईत निदान सहा तास ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी सरळ आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायला सांगतो. सकाळी दादरला उतरलं की रात्रीच्या विमानाला अख्खा दिवस हातात राहतो.