कायमचा पत्ता

वसईतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित कॅथोलिक हायस्कुलात मी लिपिक आहे, आणि गावाकडच्या रीतीप्रमाणे शिपायापासून फादरांपर्यंत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. शिक्षकांना वर्गात शिकवताना मी फारसे पाहिलेले नाही. माझी त्यांच्याशी ओळख आहे ती मस्टर, रजेचे अर्ज आणि सेवापुस्तके यांच्यामार्फत, आणि ही ओळख वर्गातल्या ओळखीपेक्षा कमी खरी आहे असे मला कधी वाटले नाही.

गणिताच्या बाई पहाटे वाडीतला सोनचाफा खुडून तो दादरच्या बाजारात जाणाऱ्या माणसाच्या हवाली करतात आणि मग शाळेत येतात. मस्टरवर सही झाली की एखादे फूल माझ्या टेबलावर ठेवतात; ज्या दिवशी फूल नसेल त्या दिवशी त्यांच्यामागे कोणत्याही कागदाचा तगादा लावायचा नाही, हे मी अनुभवाने शिकलो आहे. संस्कृतचे सर सेवेत सर्वांत ज्येष्ठ. अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक नेमताना ज्येष्ठतेचे बंधन नाही, 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमातच तशी तरतूद आहे, त्यामुळे ती खुर्ची आपल्याला मिळणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही प्रार्थनेच्या वेळी वाचायच्या शास्त्रपाठातले, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्यातले, ऱ्हस्वदीर्घ तेच तपासतात, आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय फादर तो कागद मुलांच्या हाती देत नाहीत. आडनावांविषयी मी काही बोलत नाही. लोपीस, लोपिस आणि लोपेस ही एकाच माणसाची तीन आडनावे तीन दाखल्यांवर पाहिलेल्या लिपिकालाच ते दुःख कळेल.

सांगायचे आहे ते डिसेंबर 2024 मधल्या एका शनिवारविषयी. विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर मे अखेरीस, वयाची 58 वर्षे पूर्ण करून, निवृत्त व्हायच्या होत्या. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव सहा महिने आधी पाठवावा लागतो, म्हणून अर्धी शाळा सुटल्यावर मी त्यांना कार्यालयात बसवून घेतले. असे प्रस्ताव मी बरेच केले आहेत. पालघर जिल्हा 2014 मध्ये वेगळा होण्यापूर्वी त्यासाठी ठाण्याच्या खेपा घातल्या आहेत. तासाभराचे काम, असा माझा हिशेब होता.

पहिला रकाना ओळखचिन्हांचा. सेवापुस्तकात 1992 साली कोणीतरी लिहिले होते, कपाळावर डाव्या बाजूस जखमेचा व्रण. ते आजही आहे काय, हे पाहून लिहायचे असते. मी खाली मान घालून विचारले, तेव्हा सिस्टरांनी डोक्यावरचे वस्त्र दोन बोटांनी थोडे मागे सारले. इतक्या वर्षांत त्यांचे केस पांढरे झाल्याचे मला प्रथमच दिसले. व्रण होता. लहानपणी वाडीतल्या विहिरीवर रहाट चालू असताना बैलामागे धावताना त्या पडल्या होत्या आणि वडिलांनी त्याच दिवशी बैल विकायला काढला होता, हे त्यांनी हसत सांगितले. पुढे रहाट गेले, इंजिने आली, आणि एकोणिसाव्या वर्षी त्या घरातून कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे धर्मभगिनींच्या मठात, गेल्या.

दुसरा रकाना कुटुंबाचा, आणि त्याच्याखाली पतीबरोबरच्या संयुक्त छायाचित्राची चौकट. मी त्यावर आडवी रेघ मारणार, तेवढ्यात पी. टी.चे सर आत आले. त्यांना त्यांच्या खात्यातल्या कपातीचा हिशेब हवा होता. ते 2009 मध्ये लागले, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतर, त्यामुळे जुने निवृत्तिवेतन त्यांना नाही. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात ते पुढे होते. सिस्टर संपावर गेल्या नव्हत्या, पण संपाच्या काळात सरांचे तास घ्यायला फादरांनी सुचवले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या त्या बाईंना ‘नको’ म्हणताना मी तेवढे एकदाच ऐकले आहे.

सरांनी टेबलावरच्या प्रस्तावाकडे पाहिले आणि म्हणाले, “सिस्टर, ज्यांना पेन्शन लागत नाही त्यांना ती मिळते. आम्हाला दोन मुले, घराचे हप्ते, आणि आमच्या वाट्याला शेअर बाजार.” बोलून गेल्यावर ते ओशाळले. सिस्टर म्हणाल्या, “सर, तुम्हाला देता आली असती तर दिली असती. पण ती माझीही नाही हो.”

ते खरेच होते. धर्मप्रांताच्या फादरांना दारिद्र्याचे व्रत नसते, सिस्टरांना असते. त्यांचा पगार इतरांसारखाच त्यांच्या नावावर जमा होतो आणि पुढे त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाकडे जातो. मोजे घ्यायचे तरी त्यांना कॉन्व्हेंटच्या प्रमुख, म्हणजे सुपीरियर, सिस्टरांकडे मागावे लागतात. आदल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मगुरू आणि धर्मभगिनींच्या पगारातून प्राप्तिकर कापण्याविरुद्धची अपिले फेटाळली होती; व्रत घेतलेली व्यक्ती चर्चच्या कायद्यात मालमत्तेपुरती जगाला मेलेली असली तरी प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने ती जिवंत असते, असा त्याचा अर्थ मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो वर्गात चांगले उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावे तशा कौतुकाने ऐकून घेतला आणि विचारले, “म्हणजे कुठे तरी जिवंत आहे ना?” पी. टी.चे सर मोठ्याने हसले आणि स्वतःचा हिशेब न घेताच गेले.

उरला होता शेवटचा रकाना, निवृत्तीनंतरचा कायमचा पत्ता. या प्रश्नावर आजवर कोणी अडलेले मी पाहिले नव्हते. गणिताच्या बाईंना विचारले तर त्या आळी, वाडी आणि विहीरसुद्धा सांगतील. सिस्टर मात्र बराच वेळ गप्प राहिल्या. निवृत्तीनंतर कुठे राहायचे हे त्यांच्या हाती नव्हते. संघाच्या प्रांतप्रमुख सिस्टरांचे पत्र मे महिन्यात येते आणि त्यात ज्या घराचे नाव असेल तिथे जायचे असते. माहेरचा पत्ता घालू का, असे मी विचारले. तिथे आता भावाची सून आहे, तिने मला दोनदाच पाहिले आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पेल्यातली पेन्सिल उचलून पुढे केली. “भाऊसाहेब, सध्या कॉन्व्हेंटचा लिहा. पेन्सिलीने.”

सरकारी नमुन्यावर पेन्सिल चालत नाही, हे मी नव्या शिपायालाही बजावत असतो. त्या दिवशी मी कार्यालयीन प्रतीवर पेन्सिलीने लिहिले आणि वर पाठवायच्या प्रतीवर शाईने; तेहतीस वर्षे मुलांना प्रयोगाच्या नोंदी खाडाखोड न करता ठेवायला लावणाऱ्या बाईंना ही चलाखी कळलीच असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मार्चमध्ये प्रस्ताव एका त्रुटीसह परत आला. पत्त्याविषयी कोणाला काही वाटले नव्हते. त्रुटी अशी होती की पतीसोबतचे संयुक्त छायाचित्र जोडलेले नाही. कर्मचारी अविवाहित असल्यास तसे स्वयंघोषणापत्र सादर करावे. मी ते टंकून स्टाफरूममध्ये नेले. सिस्टरांनी ते दोनदा वाचले, अंगावरच्या झग्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “चाळीसेक वर्षे हेच घालून फिरते आहे, भाऊसाहेब, अजून सही हवीच का?” संस्कृतच्या सरांनी कागद मागून घेतला, ‘अविवाहित’ मधली वेलांटी तपासली आणि सहीसाठी आपले शाईचे पेन उघडून त्यांच्यापुढे धरले.