श्रावणातल्या शुक्रवारी भद्रा मारुतीला पळत जाऊ नका

ठरलं होतं तीस किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक ते वेरूळ. झाले सव्वीस, त्यातले खरोखर पळालो असेन चौदा, आणि वेळ लागला पाच तास चाळीस मिनिटं. घोटा सुजला तो नऊ दिवस. हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की मला ज्यांनी पाठवलं ते पुढच्या श्रावणात तुम्हालाही पाठवणार आहेत.

मला सांगितलं गेलं ते असं. श्रावणात शुक्रवारी रात्री लोक शहरातून खुलताबादला पायी निघतात, शनिवारी पहाटे भद्रा मारुतीचं दर्शन घेतात. त्या रात्री दौलताबाद घाटात मोठ्या गाड्यांना बंदी, वाहतूक कसाबखेड्याकडून वळवलेली. रस्त्यावर उजेड. पाणी, चहा, केळी फुकट, तेही पावला-पावलावर. ऊन नाही. म्हणजे एक रुपया प्रवेश फी न भरता बंद रस्त्यावरची शर्यतच, वर पेडर रोडच्या चढाची तयारी. मुंबईच्या फुल, म्हणजे बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पाय आधीच संपलेले असताना पेडर रोड येतो. मागच्या खेपेला तिथे मी चाललो होतो, त्यामुळे मला हे पटलं.

यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, राग आहे तो याचाच. रस्ता बंद असतो तो पायी चालणाऱ्यांसाठी, आणि ते चालणारे हजारोंनी असतात, हे वाक्य तेवढं सांगायचं राहिलं.

दहाला निघालो. त्या दिवशी कंपनीत पूर्ण शिफ्ट झालेली, झोप नाही. ही पहिली चूक, आणि ती माझी स्वतःची. दिवसभर उभं राहून रात्री लांब पळणं वेगळं आणि झोपून उठून पहाटे पळणं वेगळं. घड्याळात वेग तोच दिसतो, पण बारानंतर डोकं पायांचं ऐकत नाही. बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी इथवर मजेत गेलो. किलोमीटरला सात मिनिटांचा वेग धरला होता. मुंबईत साडेचार तासांत संपवायचं तर सहा मिनिटं चोवीस सेकंदांनी पळावं लागतं, सरावाला सात पुरे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत एकवीस किलोमीटरची आख्खी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत मारली. मी तेवढ्या वेळात शरणापूर फाटाही गाठला नव्हता. असो, ज्याचे त्याचे पाय.

पडेगाव ओलांडलं आणि गर्दी सुरू झाली. मिटमिट्यापासून पुढे रस्ता भरलेला. सहा-सहा जणांच्या रांगा, हातात हात, मध्येच कुणाच्या तरी खांद्यावर स्पीकर. अर्धे अनवाणी. आता अनवाणी माणसांच्या मधून बूट घालून पळायचं म्हणजे काय, ते करून बघा. एका बाईंच्या पायावर पाय पडता पडता वाचला, त्यानंतर मी रस्ता सोडून कडेच्या मुरमावर उतरलो. मुरूम ओला, पावसाची भुरभुर चालू. डोक्याला लावलेली बॅटरी समोरच्यांच्या मानेवर नाचत होती. तीन ठिकाणी "ओ भाऊ, बॅटरी खाली करा" ऐकल्यावर ती बंद केली. उजेड आहे हे खरं, पण तो मंडपांपाशी. दोन मंडपांच्या मध्ये मिट्ट अंधार, आणि डोळे मंडपाच्या ट्यूबलाईटने दिपलेले, म्हणजे अंधाराहून वाईट.

फुकट खाण्याचंही ऐका. पाण्याच्या टेबलाशी पळता पळता ग्लास उचलायचा ही आपली सवय. इथे कार्यकर्ता ग्लास सोडत नाही, हात धरतो. खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. "उपवासाची आहे, चालते" म्हणून दोन द्रोण गळ्यात मारले. आग्रहाला मी नाही म्हणू शकलो नाही. शेंगदाण्याचा कूट आणि तुपातली साबुदाणा खिचडी तेराव्या किलोमीटरला. पंधराव्याला तिने आपलं अस्तित्व दाखवलं. ज्यांना लांब पळायचंय त्यांनी केळं घ्या, राजगिऱ्याचा लाडू अर्धा घ्या, खिचडीला लांबूनच हात जोडा. ओआरएस घरून न्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. एका मंडपात ते सरबतासारखं घट्ट कालवलेलं पाहिलं, उलटी व्हायला तेवढं पुरतं.

दौलताबादकडे रस्ता फुटतो त्या टी पॉइंटला वळलो तिथे एका आजोबांनी मला गाठलं. गाठलं म्हणजे मी त्यांच्या वेगाने चाललो होतो. "कामून पळायलाव हो?" म्हणाले. मी म्हटलं सराव आहे. "नवस बोललाव का?" म्हटलं हो, साडेचार तासांचा. त्यांना काही कळलं नाही आणि मला समजावून सांगण्याइतका दम नव्हता. "दमानं या. मारुती झोपल्याला हाय तिथं, कुठं पळून जात नाही." भद्रा मारुतीची मूर्ती निजलेली आहे हे मला माहीत होतं, पण त्या वेळी ते वाक्य इतकं लागलं की पुढचा किलोमीटर मी हट्टाने पळालो. तो सगळ्यात महागात पडला.

आता खरा विषय. दिल्ली दरवाजा. शहरातला नव्हे, दौलताबादच्या तटबंदीतला, ज्याच्या पोटातून रस्ता जातो. एरवी दिवसा तिथे बस आणि ट्रक समोरासमोर आले की अर्धा तास गेलाच. त्या रात्री गाड्या नव्हत्या, पण दोन-तीन हजार माणसं एका कमानीतून जायची म्हणजे दुसरं काय होणार. वीस मिनिटं उभा. घामाने आणि पावसाने भिजलेला, पातळ बनियनवर, अंगाला वारा लागतोय, मागून धक्का, पुढे कुणाची तरी काठी पोटात. पळून तापलेल्या पोटऱ्या अशा अचानक थांबल्या की आवळतात. डाव्या पोटरीत गोळा आला तो दरवाज्याच्या आत, जिथे वाकायलाही जागा नाही. एका पोराने माझा पाय वर धरून अंगठा मागे ओढला तेव्हा सुटला. त्याचं नाव विचारायचंही राहिलं. तुघलकाने १३२७ साली दिल्लीची माणसं या किल्ल्यापाशी आणली ती याच भागात कुठे तरी वैतागली असतील. मला तरी त्यांची बाजू पहिल्यांदा कळली.

दरवाज्याच्या पुढे घाट. चढ जीवघेणा नाही, हे आधीच सांगतो. शहर साधारण पावणेसहाशे मीटरवर, खुलताबाद साडेआठशेच्या आसपास, आणि यातला बराचसा हिशोब इथेच चुकता होतो. सरावातला माणूस बारीक पावलं टाकत पूर्ण घाट पळू शकतो. अडचण चढाची नव्हती, रस्त्याची होती. पाण्याच्या फुटलेल्या पिशव्या, कागदी ग्लास, द्रोण, केळीची सालं, त्यावर पाऊस, त्यावर हजारो पायांनी केलेला लगदा. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी वाहत होतं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर उजवा पाय सालीवर गेला, घोटा आत वळला, कट् असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. बसलो. लोक "बजरंगबली की जय" म्हणत बाजूने जात राहिले. एकाने बाम काढून दिला. बाम लावू नका, घोटा वळला की आधी थंड पाणी आणि घट्ट पट्टी. पण त्या वेळी मी निमूट लावून घेतला.

त्या घाटात रात्री मुळीच पळू नका, श्रावणात तर नाहीच. पट्टीचे असाल तरी नाही. तुम्ही पडलात तर पडलात, पण तुमच्या मागे डोक्यावर पिशवी घेतलेली म्हातारी माणसं आहेत.

कागजीपुऱ्यापासून खुलताबादपर्यंत लंगडत चाललो. वर धुकं होतं. सुंदर होतं म्हणे. मला माझ्या मोज्यातलं पाणी तेवढं आठवतं.

पोचलो तीन चाळीसला. आता पैशाचं. बूट-चप्पल सांभाळायच्या एका टेबलावर माझ्या पुढच्या माणसाने चपलेचे दहा दिले. माझे बूट पाहून पोरगा म्हणाला, पन्नास. का? "बुटाला जागा जास्त लागते, दादा." दोन बूट, दोन चपला, जागेचा हा हिशोब मला अजून कळलेला नाही. दिले. दर्शनाच्या रांगेत पावणेदोन तास. अनवाणी, सुजलेल्या घोट्यावर. ते दर्शन मात्र मनापासून झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

वेरूळचा विचार तिथेच सोडला. परतीच्या गाड्या गावाबाहेर लांब थांबवलेल्या. एसटीभोवती माणसांचं मोहोळ. एक जीपवाला "शहर, शहर" ओरडत होता. शेजारच्या काकांकडून साठ घेतले. माझ्याकडे पाहिलं, हातातलं घड्याळ पाहिलं, पाय पाहिला, म्हणाला तीनशे. मी म्हटलं काकांचे साठ घेतले की. "काका रोजचे. तुम्ही काय चालत जाणार का?" आणि तो बरोबर होता, मी चालू शकत नव्हतो. माझ्याजवळ पाचशेची एकच ओली नोट. सुटे नाहीत म्हणून त्याने पन्नास परत द्यायचे ठेवले ते ठेवलेच. म्हणजे साडेतीनशे. चौदा जण एका जीपमध्ये, माझा पाय एकाच्या घमेल्यावर.

याचा हिशोब मी घरी येऊन बायकोला सांगितला तर ती म्हणाली, एवढ्यात रिक्षाने जाऊन आलो असतो सगळे. त्यावर काय बोलणार.

आता कुणाला हा रस्ता करायचाच असेल तर, कारण रस्ता चांगला आहे. मी तीन आठवड्यांनी भाद्रपदात, रविवारी पहाटे साडेचारला पुन्हा गेलो. खुलताबादपर्यंत पळालो, तीन तास चार मिनिटं, काहीच झालं नाही, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. फक्त एवढं बघा. साडेसहाच्या आत घाटाच्या वर असा, त्यानंतर ट्रक आणि वेरूळच्या सहलीच्या बस सुरू होतात, आणि वळणावर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेने पळा, आंधळ्या वळणावर तेवढी बाजू बदला. चमकणारी जाकीट घाला. पाणी बरोबर न्या, पहाटे टपऱ्या बंद असतात, आणि शरणापूर ते दौलताबाद कोरडाठाक पट्टा आहे. कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, वर पोचल्या पोचल्या बदला.

खाली पळत येऊ नका. चढाने दम जातो, पण मांड्या फुटतात त्या उताराने, कारण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो. दोन दिवसांनी जिना उतरताना कळतं. ज्यांना उताराचाच सराव हवा त्यांनी तो वेगळ्या दिवशी, थोडा थोडा करावा. आणि ज्यांना फक्त चढ हवा त्यांनी एवढ्या लांब जायचंच कशाला, विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी आहे. तिथे पाच वेळा वर-खाली करा, घरी येऊन पोहे खा.

ऑगस्टमध्ये तीस किलोमीटरची गरजही नव्हती, हेही लिहून ठेवतो. मुंबईची शर्यत जानेवारीत. पाच महिने आधी तीस पळून कुणाला काय दाखवायचं होतं? ज्यांनी मला पाठवलं त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः कधी गेला होतात श्रावणात पळत. "पळत नाही रे, चालत. दरवर्षी जातो. भारी वाटतं." चालत! हे आधी सांगितलं असतं तर मीही चपला घालून, बायकोला घेऊन, खिचडी खात गेलो असतो. दहा रुपयांत.

डिसेंबरमधल्या पहिल्या रविवारी पुन्हा जातोय, पहाटे साडेचार, क्रांती चौक, या वेळी वेरूळपर्यंत. येणाऱ्यांनी सुटे पैसे आणा, परतीची जीप असेल तर भाडं आधी ठरवा, आणि घड्याळ बाहीत झाका.