आमच्या गाडीत पाणी नेमकं कुठून येत होतं

आईने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली, तर तिच्यातून पाणी निथळत होतं. आत तिच्या ईसीजीचे कागद होते. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि आम्ही मुलुंडहून सायनला डॉक्टरांकडे निघालो होतो. सिग्नलला ब्रेक दाबला की पायाखालून ‘डुब्ब’ असा आवाज यायचा. आठवडाभर मी तो पेट्रोलच्या टाकीचा आवाज समजत होते. काचा आतून धुरकट होणं आणि दार उघडताच येणारा कुबट वास मी पावसाळ्याच्या खात्यावर टाकला होता.

गाडी बाबांची. २००६ साली घेतलेली छोटी हॅचबॅक. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२१ मध्ये, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती. ती विकायची नाही, हे बाबा गेले तेव्हाच आई आणि मी ठरवलं.

नाक्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने डावीकडचं मॅटिंग कोपऱ्यातून उचललं, गंज बघितला आणि म्हणाला, “ताई, ही पुराची गाडी आहे. कधीतरी बुडालीय.” मला ते फार लागलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर बुडालेली गाडी गळ्यात पडेल या धास्तीने बाबांनी सेकंडहँड घ्यायचा विचारच सोडून दिला होता. म्हणून तर ही नवी घेतली. रस्त्यावर पाणी भरलंय असं कळलं की ते गाडी बाहेरच काढायचे नाहीत.

त्या माणसाने पुढच्या काचेभोवती सिलिकॉन मारलं, १,८०० रुपये घेतले. दोन दिवसांनी जोराचा पाऊस झाला आणि पिशवीच्या जागी पुन्हा तळं साचलं.

मग मी बाबांच्या जुन्या मेकॅनिककाकांना फोन केला. आता ते काम करत नाहीत, पण बाबांची गाडी म्हटल्यावर आले. त्यांनी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि आत दडलेला भाग दाखवला. स्वच्छ होता. “बुडालेल्या गाडीत इथे गाळाचा डाग राहतो. सीटच्या पट्ट्यांमध्ये, डॅशबोर्डच्या मागे सगळीकडे बारीक माती बसते, आणि पाण्याची रेघ चारी बाजूंना एकाच उंचीवर असते. तुझा गंज फक्त डावीकडे आहे. ही बुडालेली नाही, ही गळतेय.” मला केवढं हायसं वाटलं!

पाणी कुठलं, हे आधी ठरवायचं होतं. इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, हीटरच्या बाजूने आत गळलं तर ते रंगीत असतं, बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो. आमचं पाणी तसं नव्हतं. दुसरा संशय एसीवर. एसीतून ठिबकणारं पाणी ज्या रबरी नळीने गाडीखाली जातं, ती तुंबली तर तेच पाणी डावीकडच्या पायाशी येतं. मी तीन दिवस एसी लावलाच नाही. तरी पाऊस आला की पाणी हजर. म्हणजे पावसाचंच.

पुढचं काम मी आणि माझ्या कॉलेजातल्या भाच्याने रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. डावीकडचं सीट काढलं, दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि मॅटिंग उचललं. त्याखाली बोटभर जाडीचा फेल्ट असतो, तो भिजलेल्या गादीसारखा जड झाला होता. दोघांनी उचलून पिळला तेव्हा बादलीचा तळ झाकेल इतकं पाणी निघालं. वरून मॅटिंग चार दिवसांत कोरडं दिसतं, पण फेल्ट महिनोन्‌महिने ओला राहतो आणि खालचा पत्रा खात राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो वाळवणं हेच मोठं काम. गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत दोरीवर टाकून टेबलफॅन लावला, तरी पाच दिवस लागले.

पाणी साचतं तिथूनच ते शिरतं असं नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या पार्किंगला उतार आहे आणि गाडीचं तोंड खालच्या बाजूला असतं, त्यामुळे मागे शिरलेलं पाणीही पुढे येऊन आईच्या पायाशी जमायचं.

काकांनी सांगितलेली पद्धत अशी: पत्रा पुसून कोरडा करायचा, वर वर्तमानपत्राचे कागद पसरायचे आणि डॅशबोर्डखालच्या उभ्या पत्र्यावर, दारांच्या कडांवर टाल्कम पावडर मारायची. पाणी येतं तिथे पावडरीत रेघ उठते. पाइपला नोझल लावायचं नाही, पाणी नुसतं वाहू द्यायचं. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एका जागी दहा-दहा मिनिटं पाणी सोडायला फार धीर लागतो. भाचा टॉर्च घेऊन आत आडवा पडला होता, मी बाहेर पाइप धरून उभी.

मागच्या डाव्या दारावर सातव्या-आठव्या मिनिटाला आतून आवाज आला, “मावशी, रेघ!”

दाराच्या काचेलगतच्या फटीतून पाणी दारात शिरणं हे नेहमीचंच आहे. ते आतल्या आत खाली येतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी गाडीत येऊ देत नाही. आमच्या दारात कधीतरी स्पीकर बसवताना तो कागद फाडून तसाच ठेवला होता, आणि तळाची भोकं मातीने बुजली होती. भोकं प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी केली. जाड प्लास्टिक कापून नवा कागद केला आणि तो काळ्या, चिकट रबरी ब्यूटाइल टेपने चिकटवला. हा टेप कडक होत नाही, त्यामुळे पुढे काच बिघडली तर कागद न फाडता काढता येतो.

पण पुढचं पाणी वेगळं होतं. वायपरखालची काळी जाळी काढली आणि मी बघतच राहिले. आमच्या गेटाशी सोनमोहर आहे. एप्रिल-मेमध्ये त्याची पिवळी फुलं गाडीवर पडतात. बाबांना ते फार आवडायचं, म्हणून गाडी कायम तिथेच. ती फुलं आणि बारीक पानं जाळीतून आत जाऊन कुजून काळं खत झालं होतं, आणि त्यात पिंपळाचं वीतभर रोप उगवलं होतं. जाळीखालच्या या पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायला वाटा असतात, त्या पूर्ण बंद. पाणी चढत चढत गाडीत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे ब्लोअरच्या तोंडाशी पोचायचं आणि तिथून सरळ खाली, आईच्या पायाशी. हाताने उपसून अर्धी बादली खत काढलं. मग पाइप सोडला तर पुढच्या चाकामागून पाणी धो-धो बाहेर पडलं. पिंपळ आईने कुंडीत लावला.

तरी पावडरीत एक बारीक रेघ उरलीच. पन्हाळीच्या कोपऱ्यात जिथे दोन पत्रे जुळतात, तिथलं फट बुजवणारं कारखान्यातलं सीलंट वाळून चिरलं होतं. हे काम काकांनी पत्र्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या डेंटरकडे दिलं. त्याने गंज खरवडला, प्रायमर मारला आणि वाळल्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरलं. काचेभोवतीचं सिलिकॉनही त्याने ब्लेडने सोलून काढलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि त्यावर रंग धरत नाही, असं तो म्हणाला. हे आधीच कळलं असतं तर फार बरं झालं असतं. पत्रा पूर्ण कोरडा असल्याशिवाय सीलंट धरत नाही, म्हणून उघडीप मिळेपर्यंत आम्ही नऊ दिवस थांबलो आणि गाडी ताडपत्रीखाली ठेवली. मजुरी आणि सामान मिळून २,६०० रुपये झाले.

डिकीतलं पाणी सोपं निघालं. स्टेपनीच्या खड्ड्यात पेलाभर होतं आणि डाव्या टेललॅम्पचं फोमचं गॅस्केट भुगा झालं होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन-तीन दुकानं फिरले. पूर्ण लॅम्प घ्या म्हणाले, सुटं गॅस्केट नाही. शेवटी तिथेही ब्यूटाइल टेपच लावला. महिना झाला, थेंब नाही.

ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस अक्षरशः कोसळत होता. अडीच वाजता छत्री आणि टॉर्च घेऊन खाली गेले. उघड्या पत्र्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावरून तळहात फिरवला, पुढे, मागे, डिकीत. कागद कुरकुरीत होता. वर आले तर आई जागीच होती. “आहे का पाणी?” एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर कूस बदलून झोपली.

फेल्ट आणि मॅटिंग परत घालायची घाई मी केलेली नाही. डाव्या पायाशी पत्रा दोन ठिकाणी इतका पातळ झालाय की स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जातं, आणि नोंदणीच्या तपासणीला गाडी न्यायच्या आधी तिथे ठिगळ जोडावं लागेल. वेल्डिंग भर पावसाळ्यात नको, ऑक्टोबरमध्ये ये, असं डेंटर म्हणालाय. तोवर आई पिशवी मांडीवर घेऊन बसते, आणि मी दर रविवारी जाळी उचलून सोनमोहराची पानं काढते.