मेकाँगकाठची वाळवणं

आमच्या ह्यांची उभी हयात बँकेत गेली, त्यामुळे प्रवासाची यादीही ताळेबंदासारखी. लाओसमधल्या लुआंग प्रबांगला निघालो तेव्हा चार दिवसांसाठी तीत अठरा नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढे खूण करायला चौकोन. हे गाव १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे यादीतलं गाव यादीवाल्या माणसाने निवडलेलं!

पहिला दिवस चौकोनांप्रमाणे गेला. सोळाव्या शतकातल्या वाट शियेंग थोंग विहाराची जमिनीकडे झुकलेली छपरं पाहिली, मागच्या भिंतीवरचं रंगीत काचांच्या तुकड्यांचं झाड पाहिलं. संध्याकाळी फूसी टेकडीच्या ३२८ पायऱ्या चढलो. वर सूर्यास्तासाठी ही गर्दी. मला सूर्याऐवजी एका उंच पोराची पाठपिशवीच दिसली. रात्री चारही गुडघ्यांनी संप पुकारला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भगव्या वस्त्रांतले भिक्खू रांगेने भिक्षेला आले. फुटपाथवर बसलेल्या बायका टोपलीतून चिकट भाताची चिमूट प्रत्येकाच्या पात्रात घालत होत्या. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. फोटो काढावासा ह्यांनाही वाटला नाही, हे विशेष.

मग नदीकाठी कॉफीला टेकलो. तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा बोटभर थर, किंमत काही हजार किप. पाकिटात लाखो किप असल्याने हे फार उदार झाले होते. टेकलो ते दुपारपर्यंत उठलोच नाही.

समोर नाम खान नदी मेकाँगला मिळत होती. माझं माहेर कऱ्हाडचं, मला संगमाचं काय कौतुक! पण आमच्या कृष्णा-कोयना समोरासमोर धावत येऊन भेटतात. ही नाम खान गावाला वळसा घालून, आढेवेढे घेत येते. तिच्यावर बांबूचा पूल होता. पावसाळा सरला की बांधायचा, पुढचा पावसाळा तोंडावर आला की उतरवायचा, अशी दरवर्षीची रीत. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून थोडे पैसे घेतात.

"दरवर्षी?" हे हादरले. "म्हणजे घसारा शंभर टक्के!"

तरी तिकीट काढून पलीकडे गेलो. पूल पायाखाली कुरकुरत होता. एरवी माझ्यापुढे दहा पावलं चालणारे हे तिथे माझ्या मागे होते. माझं वजन आधी तपासून घेत असावेत.

पलीकडच्या गल्लीत मात्र मी थबकले. उन्हात बांबूच्या चौकटींवर तांदळाच्या गोल चकत्या वाळत होत्या. शेजारी नदीतल्या शेवाळाचे तीळ पेरलेले हिरवे तक्ते. वाळवणंच की! राखणीला एक आजी काठी घेऊन बसलेली. मी हातांनीच विचारलं, कावळे? तिने हातांनीच कोंबडी करून दाखवली. मग मी तिच्या पायरीवर बसले, हे माझ्या शेजारी. अंगणात पांढरा चाफा फुलला होता. ते तिथलं राष्ट्रीय फूल आणि त्याचं नाव 'डोक चंपा'. एवढ्यासाठी तरी दुभाषा लागला नाही. किती वेळ बसलो कोण जाणे. लग्नानंतर इतका वेळ, टीव्ही नसताना, आम्ही एका दिशेला तोंड करून बसल्याचं मला आठवत नाही.

रात्री तो शेवाळाचा पापड तळून आला, सोबत 'जेओ बोंग' नावाची लालभडक चटणी. "ठेच्याच्या तोंडात मारेल," हे म्हणाले आणि वाटी पुसून खाल्ली. नंतर कळलं की तीत म्हशीचं कातडं असतं. हे मिनिटभर गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच मागवली, फक्त माझ्याकडे न बघता.

उरलेले दोन्ही दिवस तीच खुर्ची, तीच कॉफी, तीच पायरी. तीसेक किलोमीटरवरचा कुआंग सी धबधबा राहिला, लेणी राहिली, चौदा चौकोन कोरे राहिले. यादीचा कागद शेवटी डगमगत्या टेबलाच्या पायाखाली गेला. तो मी नाही, ह्यांनीच घातला.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या लांब गेलात, काय काय पाहिलंत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा घसा साफ केला आणि म्हणाले, "वाळवणं."