आण्णांच्या प्रेसमधला डोंगल

फेब्रुवारी 2020, लग्नसराई ऐन भरात. सकाळी साडेआठला आण्णांचा फोन आला, "लवकर ये, पत्रिका उघडेनात." विट्यात मी पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती करतोय, पण आण्णांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

प्रेसमध्ये गेलो तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट लागलेलं. फोल्डर उघडला की 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल: 980 डॉलर भरा, 72 तासांत भरले तर 490. हे काम स्टॉप-डीजेव्हीयूचं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचं. हा रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि की-जनमधून, म्हणजे सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवायच्या जुगाडांतून, पसरतो, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. आदल्या रात्री ऑपरेटर पोरानं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन क्रॅकसकट उतरवलं होतं आणि क्रॅक चालेना म्हणून अँटिव्हायरस बंद केला होता. पोरगं रडायच्या बेतात होतं. त्याला बोलायला माझी जीभ उचलली नाही, कारण आधीचं व्हर्जन मीच टाकून दिलं होतं. तेही क्रॅकचंच.

एम्सिसॉफ्टचा मोफत डिक्रिप्टर, म्हणजे ते कुलूप उघडायचं टूल, चालवला. कुलपाची किल्ली 'ऑनलाइन' निघाली, म्हणजे खास याच मशीनसाठी बनवलेली, आणि ती गुन्हेगारांकडेच. चाळीस पत्रिका गेल्या. मशीन फॉरमॅट मारलं, गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रुफं मागवली आणि एकेक पत्रिका परत टाइप करायला बसलो.

मराठी टायपिंगसाठी आण्णांकडे श्रीलिपी होतं, पुण्यात तयार झालेलं. त्याचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो तुकडा, शाईच्या बोटांनी काळा पडलेला, पण अस्सल. बिलसुद्धा सीडीच्या पाकिटात घडी घालून ठेवलेलं. मी विचारलं, "आण्णा, याचे पैसे मोजलेत, मग कोरलचे का नाही?"

"याचा विकणारा सांगलीहून यायचा. पोरांना शिकवून गेला, अडलं की फोन उचलायचा. त्याचे पैसे कसे बुडवायचे? आणि कोरल कोण विकतं मला काय माहीत? ते तूच आणलंस."

ते वाक्य डोक्यातून जाईना. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या अंदाजानुसार 2017 मध्ये भारतातलं 56 टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं, अमेरिकेत 15 टक्के. मॅरन आणि स्टील या अभ्यासकांनी 2000 साली अनेक देशांची तुलना केली तेव्हा गरीब देशांत पायरसी जास्त दिसली, आणि जिथे व्यक्तीपेक्षा समूहाला महत्त्व आहे त्या संस्कृतींतही. पहिलं मला पटतं. ऑपरेटरच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराइतकी किंमत तालुक्याच्या प्रेसनं एकरकमी कुठून आणायची? पण दुसऱ्यापाशी मी अडतो. कागदवाल्याची उधारी आण्णांनी एक दिवस थकवली नाही. वस्तूमागचा माणूस दिसला की आमच्याकडे पैसे दिले जातात. कोरलमागचा माणूस आण्णांना कधी दिसलाच नाही, दिसलो तो मी, पेन ड्राइव्ह घेऊन आलेला. हे मी संस्कृतीवर ढकलणार नाही.

रात्री अकराला एकविसावी पत्रिका छपाईच्या प्लेटला गेली. तोवर कोरल आम्ही पंधरा दिवसांच्या चाचणीवर उतरवलं होतं, कंपनीच्याच साइटवरून. आण्णांनी चष्मा पुसत स्क्रीनवरची उरलेल्या दिवसांची पट्टी वाचली.

"हप्त्यानं देतात का बघ," ते म्हणाले. "आणि बिल माझ्या नावानं घे."