तुम्ही विचारलंत म्हणून: लाईट गेल्यावर मी पंधरा मिनिटं काय करतो

लग्नात भेटणारे, द्राक्षाचे व्यापारी, पुण्याहून येणारा भाचा, सगळे एकच विचारतात. "तुमच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारं जनरेटर आहे ना? मग लाईट गेली की लगेच चालू का करत नाही? अंधारात पंधरा मिनिटं काय करत बसता?" दुसरा प्रश्न असतो, "आम्ही घ्यावं का?"

आजवर मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत आलो, कारण ते सोपं आहे. पहिल्याचं उत्तर मी टाळलं. लोकांना वाटतं मी डिझेलचा विचार करतो, किंवा मला कंटाळा आहे. तसं नाही.

सोपं आधी सांगतो. आमचं घर निफाड तालुक्यात, गावात नाही, मळ्यात. चोवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर द्राक्षबागेत ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, ओढायला घेतला होता. त्याच्या पीटीओवर, म्हणजे दुसरी यंत्रं फिरवायच्या मागच्या शाफ्टवर, साडेसात केव्हीएचा सिंगल फेज अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) बसवला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो, चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे लागतात, म्हणून मध्ये पुली आणि पट्टे. रिकामा असताना ५२ हर्ट्झवर ठेवायचा, लोड आला की ५० च्या जवळ बसतो. हर्ट्झचं मीटर लावल्याशिवाय हे करू नका, ट्रॅक्टरच्या आवाजावरून अंदाज घेणाऱ्यांचे फ्रीज जळालेले मी पाहिलेत. फिरत्या शाफ्टवर कव्हर हवंच. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ, साडीचा पदर किंवा उपरण्याचं टोक सापडलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. आणि ट्रॅक्टर पडवीत किंवा खिडकीखाली लावायचा नाही, त्याचा धूर घरात साठतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

परवडतं का? नाही. पाच-सातशे वॉटसाठी हा ट्रॅक्टर तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल पितो. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर अर्ध्या-पाऊण युनिट विजेला एकशेऐंशी रुपये पडतात. पंखा आणि टीव्हीसाठी हे करणं मूर्खपणा आहे, इन्व्हर्टर घ्या. शिवाय ज्या रात्री वादळाने लाईट जाते, त्याच पावसाने बागेवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि पहाटे ब्लोअरला तोच ट्रॅक्टर लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर हे माझ्यावर कितीदा आलंय, त्याची गणती नाही.

मग घेतलं कशाला? आईसाठी.

२०२१ चा एप्रिल नाशिकमध्ये ज्यांनी काढला, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. २१ एप्रिलला नाशिक शहरात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटर-ऑक्सिजनवरचे २२ जण त्या दिवशी गेले. तेव्हा आई दुसऱ्या दवाखान्यात ऑक्सिजनवरच होती. ती बातमी मी तिच्या वॉर्डबाहेरच्या जिन्यात उभा राहून वाचली. मे महिन्यात तिला घरी सोडलं तेव्हा सोबत पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर होता, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेवरचं मशीन. रात्रंदिवस मिनिटाला दोन लिटरवर चालवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं. दीडशे अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर ते तीन तास, फार तर साडेतीन तास चालतं. मळ्यातली लाईट वादळात गेली की तीन तासांत येत नाही. हे मळ्यात राहणाऱ्यांना सांगायला लागत नाही, शहरातल्यांना मात्र सांगावं लागतं. मी घाबरलो होतो. चार दिवसांत सेकंडहँड अल्टरनेटर आणून बसवला. चेंजओव्हर, म्हणजे घर एका वेळी बाहेरच्या लाईनला किंवा जनरेटरलाच जोडणारा स्विच, बसवायला वायरिंगवाला "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणाला. तोवर मी ती वायर केली, दोन्ही टोकांना पिन असलेली. एक टोक अल्टरनेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरं घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. आधी मेन स्विच बंद करायचा, एवढाच नियम. अशी वायर आजही कित्येक घरांत खिळ्याला टांगलेली असेल. माझ्याही होती.

तौक्ते वादळ १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे दोन दिवस वारा होता. संध्याकाळीच लाईट गेली. मी मेन बंद केला, वायर लावली, ट्रॅक्टर चालू केला. सगळं नीट. रात्री डिझेल भरायला ट्रॅक्टर बंद केला आणि आईचं मशीन इन्व्हर्टरवर टाकलं. तेवढ्यात वाटलं, लाईट आली असेल तर उगाच डिझेल कशाला जाळायचं? बघायला म्हणून मेन वर केला. आली नव्हती. तिथेच तो परत खाली करायचा राहिला.

मी थकलो होतो, हे खरं आहे. तीन रात्री झोप नव्हती, हेही खरं आहे. मी ही कारणं स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता ती मला पाठ झाली आहेत.

पहाटे साडेचारला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. आईच्या बोटाला लावलेलं मशीन ८८ दाखवत होतं. मी धावत गेलो, ट्रॅक्टर चालू केला, रेस ओढली, हर्ट्झ बघितले, आत येऊन वायर सॉकेटमध्ये घातली. कॉन्सन्ट्रेटरचा भोंगा वाजून थांबला आणि त्याचा तो ठराविक श्वास सुरू झाला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथे जमिनीवरच बसलो.

मग दोन गोष्टी झाल्या. चुलतभावाच्या घरातून पोरगं ओरडलं, "आली! लाईट आली!" आणि बाहेर ट्रॅक्टरचा आवाज दबला. आईच्या मशीनने दबतो त्याच्यापेक्षा जास्त दबला. मला दोन्ही ऐकू आलं. काय झालंय ते मला कळलंही: मेन वरच राहिला होता, माझी वीज बाहेरच्या लाईनवर गेली होती. पण कळणं आणि उठणं यांच्यात जो वेळ गेला, तो किती होता ते मी आजही सांगू शकत नाही. आमच्या तीन घरांची लाईन जिथून फुटते, त्या खांबाकडून कुणीतरी ओरडलं. ते शब्द नव्हते. मी सॉकेटातली वायर ओढली नाही, बाहेर पळालो आणि ट्रॅक्टरचा स्टॉप ओढला. वायर हाताशी होती. ती ओढली असती तर चार-पाच सेकंद वाचले असते.

आमच्या तीन घरांकडे जाणारी तार खांबावर निसटली होती. दोन माणसं पहाटेच ती जोडायला आली होती, वायरमन आणि त्याचा मदतनीस. त्यांनी डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, फ्यूज काढले होते. त्यांच्या हिशेबाने लाईन मेलेली होती. मदतनीस वर होता, पंचविशीच्या आतला पोरगा. निसटलेल्या तारेचं टोक त्याच्या उजव्या हातात होतं. कमरेला पट्टा होता म्हणून तो खाली आला नाही. लटकला. वायरमन आणि मी शिडी धरून त्याला उतरवलं. त्याच्या तळव्याला भाजल्याचा वास येत होता. तो शुद्धीवर होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता, "फ्यूज तर काढले होते ना?"

माझ्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. तो वाचला. दोन ऑपरेशनं झाली. उजव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

आता माझी बाजू. त्यांनी काम सुरू करायच्या आधी टेस्टर लावायला हवा होता. तारा एकमेकींना आणि जमिनीला शॉर्ट करून मगच हात घालायला हवा होता, तोच नियम आहे. हातमोजे हवे होते. हे सगळं खरं आहे आणि त्या दिवसांत हे मी प्रत्येकाला ऐकवलं. लाईन कशी चालू झाली, असं विचारलं गेलं तेव्हा वायरमन म्हणाला, वाऱ्याने कुठेतरी दुसरी तार लागली असेल. त्यालाही स्वतःची नोकरी वाचवायची होती. मी त्याच्या शेजारी उभा होतो. मी काही बोललो नाही. दवाखान्याचा खर्च मी केला, तो का केला हे सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर ते कुठेच नाही. या लिखाणातही मी नाव-गाव टाकलेलं नाही. ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला विचारू नका.

"पण एवढं होतं कुठे? मेन चालू राहिला तरी अख्ख्या गावाचा लोड येतो आणि ट्रॅक्टर बंद पडतो," असं सांगणारे खूप भेटतात. मीही तेच धरून चाललो होतो. डीपी शाबूत असेल तर कधीकधी तसं होतंही. पण लाईट जाते तेव्हाच तार तुटलेली असते, खांबावर तारा जोडणारा जंप निसटलेला असतो, फ्यूज काढलेले असतात. मग तुमच्या तुकड्यावर उरतात दोन-तीन घरं. दोन फ्रीज आणि चार पंखे चोवीस एचपी आरामात ओढतो. आणि तुकड्यात डीपी आली तर आणखी वाईट. जी डीपी ११,००० व्होल्टचे ४३३ करते, तिला खालून वीज दिली की ती वर अकरा हजारांच्या घरातला दाब तयार करते. खांबावरच्या माणसाला ते वरून आलं की खालून, काही फरक पडत नाही.

सोलरचंही तसंच. "छतावर सोलर लावा, सबसिडी आहे," म्हणतात. लावलंय, तीन किलोवॉट. पण बॅटरीशिवायचं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की स्वतःच बंद होतं, भर उन्हातही. भाचा चिडला होता, म्हणाला ही कंपनीने फसवणूक केली. मी त्याला सांगितलं की ते मुद्दाम तसं बनवलंय. लाईन मेली हे ओळखून ते आपली वीज तोडतं, कारण खांबावर माणूस असू शकतो. एका पेटीला जे कळतं ते मला त्या पहाटे कळलं नाही.

आता घरात चेंजओव्हर आहे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. वर बाहेरची लाईन, खाली जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकत्र लागूच शकत नाहीत. अल्टरनेटरला वेगळं अर्थिंग केलंय. अल्टरनेटरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हता आणि तरी मी तो पुढच्या आठवड्यावर टाकला होता. ती दोन पिनांची वायर मी कापली. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही कापा. आईसाठी दीड घनमीटरचा सिलिंडर आणून ठेवला, दोन लिटरवर तो बारा तास पुरतो. हे त्या मेमध्येही सुचू शकलं असतं. त्या वेळचा मी लगेच म्हणेल, तेव्हा सिलिंडर मिळत होता कुठे? खरंय, मिळत नव्हता. पण मी शोधलाही नव्हता. मला जनरेटरवर भरवसा होता.

आईचा ऑक्सिजन त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सुटला. ती बरी आहे. तिला त्या पहाटेचं काही आठवत नाही आणि आम्ही सांगितलेलं नाही.

तर पंधरा मिनिटं. लाईट गेली की मी चेंजओव्हर खाली करतो, त्याला कुलूप लावतो. मग चुलतभावाला फोन. मग त्या मदतनीस पोराला, तो आजही लाईनवरच काम करतो. त्याला विचारतो, आमच्या बाजूला कुणी चढलंय का. तो कधी "नाही" म्हणतो, कधी "थांबा, विचारून सांगतो." तो फोन येईपर्यंत मी ट्रॅक्टरला चावी लावत नाही. आमच्या खांबावर तो स्वतः आला असेल तर मी चेंजओव्हरची चावी त्याच्या हातात देतो. तो ती खिशात घालून वर चढतो. याबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, हे आता निरर्थक आहे. चेंजओव्हर असताना वीज बाहेर जाऊच शकत नाही, मग फोन कशाला? तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे. मागच्या पावसाळ्यात फोन चाळीस मिनिटं लागला नाही आणि चाळीस मिनिटं घर अंधारात होतं. बायको काही बोलली नाही, पण तिला ते पटलं नव्हतं. मलाही उत्तर देता आलं नाही. टॉर्च घेऊन मी खांबापर्यंत चालत गेलो, वर कुणी नाही हे बघितलं आणि मग येऊन ट्रॅक्टर चालू केला.